गोंदण कातडीवरचे आणि मनावरचे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी बी. ए., बी. एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा साधा शिक्षक आहे. मी डॉक्टर नाही की शास्त्रज्ञ नाही. तेव्हा 'मेंदू आणि गोंदण' असा विषय मी का निवडला, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. त्याचे उत्तर असे की हा विषय मी निवडलेला नाही. तो एका विद्यार्थिनीने माझ्या गळ्यात घातला.

नववीच्या वर्गात लोकजीवनावरचा एक पाठ चालू होता. त्यात गोंदणाचा उल्लेख आला. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्या शेजारच्या आजींच्या कपाळावर आणि हातावर गोंदण आहे. साठ वर्षे झाली म्हणतात. पण विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं की कातडी झिजते आणि महिन्याभरात नवी येते. मग गोंदण पुसलं कसं नाही?"

मी म्हणालो, "उद्या सांगतो." तो 'उद्या' उगवायला दीड महिना लागला. विज्ञानाच्या बाईंना त्रास दिला, पुस्तके चाळली, एका डॉक्टरसाहेबांचा रविवार खर्ची घातला. त्या धडपडीत जे समजले ते आज आपल्यासमोर ठेवतो. गोंदण करावे की करू नये, याबद्दल धर्म काय सांगतो हे आपण मौलानासाहेबांकडून ऐकलेच आहे. त्यात मी शाळामास्तराने भर घालण्याचे कारण नाही. मी फक्त शरीर काय करते तेवढे सांगणार आहे.

प्रथम गोंदणाची गोष्ट घेऊ. ही चाल फार जुनी आहे. १९९१ साली इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वताच्या बर्फात एका माणसाचे प्रेत सापडले. तपासणीअंती कळले की तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा आहे. बर्फामुळे त्याची कातडीसुद्धा टिकली होती. त्याच्या अंगावर गोंदणाच्या एकूण ६१ खुणा मोजल्या गेल्या. साध्या रेघा आणि फुल्या. त्यांतल्या बऱ्याच खुणा कंबर, गुडघा, घोटा अशा जागी आहेत, आणि त्याच्या सांध्यांची झीज झालेली होती. म्हणून तो नटण्याचा नव्हे, तर दुखण्यावरचा इलाज असावा, असे काही संशोधकांना वाटते.

आपल्या महाराष्ट्रात गोंदणारी बाई जत्रेत, बाजारात बसायची. सुया, काजळी आणि बोलघेवडेपणा एवढेच तिचे भांडवल. दागिने चोराने न्यावेत, पण गोंदण मेल्यावरही बरोबर येते, असे जुन्या बायका म्हणत. आज तिची जागा यंत्राने घेतली आहे. त्या यंत्राची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. एडिसनने १८७६ साली विजेवर चालणाऱ्या एका लेखणीचे पेटंट घेतले. कागदाला बारीक भोके पाडून एका मजकुराच्या अनेक प्रती काढण्यासाठी ती होती. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली नावाच्या गोंदणाऱ्याने तिच्याच धर्तीवर यंत्र बनवले आणि १८९१ साली त्याचे पेटंट घेतले. कचेरीतली लेखणी अशी माणसाच्या कातडीवर आली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. आपली कातडी दोन थरांची. वरचा थर सतत झिजतो आणि नवा येतो. विज्ञानाच्या बाईंनी सांगितले ते बरोबरच. पण गोंदणाची सुई वरचा थर ओलांडून खालच्या थरात, म्हणजे एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. शाई तिथे पडते, म्हणून ती वरच्या थराबरोबर झिजून जात नाही.

पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. खरे नवल पुढे आहे. सुई टोचली की शरीराला ती जखम वाटते. परकी वस्तू आत घुसली म्हणून पहारेकरी पेशी धावत येतात. त्यांना भक्षक पेशी म्हणतात. जंतू दिसला की गिळायचा आणि पचवायचा, हे त्यांचे काम. त्या शाईचे कणही गिळतात, पण शाई त्यांना पचत नाही. तोंडात चिंचोका धरून बसलेल्या पोरासारखी त्यांची गत होते. आपण गोंदण म्हणून जे पाहतो, ते बहुतांशी शाई गिळून बसलेल्या या पेशीच असतात.

पण या पेशीही अमर नाहीत. त्या मेल्या की शाई कुठे जाते? फ्रान्समधील मार्सेय येथील शास्त्रज्ञांनी २०१८ साली याचा उलगडा प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या शेपटीवर हिरव्या शाईने गोंदले आणि मग त्या जागेतल्या भक्षक पेशी युक्तीने मारून टाकल्या. गोंदण नाहीसे व्हायला हवे होते. ते जसेच्या तसे राहिले! जुनी पेशी मेली, तिच्यातली शाई मोकळी झाली, आणि तिच्या जागी आलेल्या नव्या पेशीने ती लगेच गिळली. ही मेली की तिसरी. म्हणजे त्या आजींच्या कपाळावर साठ वर्षांपूर्वीच्या पेशी नाहीत, पण शाई तीच आहे. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती सोपवलेली. लेसरने गोंदण काढणे इतके किचकट, महाग आणि वेळखाऊ का, हेही यावरून कळते. लेसर शाईचे कण फोडतो, पण ते वाहून जाण्याआधीच शेजारच्या पेशी पुन्हा गिळू पाहतात. म्हणून बैठकांमागून बैठका कराव्या लागतात, आणि तरीही कित्येकदा डाग उरतोच.

शिवाय सगळी शाई जागेवर राहत नाही. थोडी लसिकाग्रंथींपर्यंत जाऊन त्यांनाही रंगवते. सुई निर्जंतुक नसेल तर कावीळ ब आणि क, तसेच एड्सचे विषाणू एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतात. जत्रेतल्या एकाच सुईने दहा जणांचे हात गोंदवून घेणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावे.

आता मेंदूकडे येऊ. प्रौढ माणसाचा मेंदू भरतो सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या दोन टक्के. पण शरीराला लागणाऱ्या एकूण शक्तीपैकी सुमारे वीस टक्के शक्ती तो एकटा खातो. घरातल्या पन्नास माणसांत एकाने दहा जणांचे जेवण जेवावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून सकाळी उपाशीपोटी मुलाला शाळेत पाठवणाऱ्या मातांना माझी हात जोडून विनंती आहे, निदान भाकरीचा तुकडा आणि दूध तरी पोटात जाऊ द्या.

मेंदूत चेतापेशी किती? पुष्कळ वर्षे पुस्तकांत दहा हजार कोटी असे छापले जात होते. २००९ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी नीट मोजदाद केली, तेव्हा आकडा सुमारे ८६०० कोटी निघाला. आपण मेंदूचा दहा टक्केच भाग वापरतो, असे पुष्कळ व्याख्यानांतून सांगतात. मीही वर्गात सांगत असे. ते खरे नाही. संपूर्ण मेंदू कामात असतो, झोपेतसुद्धा.

आणखी एक नवल. सुई टोचली की वेदना होते ती मेंदूमुळे. पण खुद्द मेंदूला वेदना होत नाही! डोक्याची कातडी बधिर करून, रोगी जागा असताना, त्याच्याशी बोलत बोलत मेंदूची शस्त्रक्रिया करता येते. कॅनडातील मॉन्ट्रियलचे डॉक्टर वाइल्डर पेनफिल्ड यांनी अशा शस्त्रक्रिया करताना मेंदूच्या एकेका जागी विजेचा हलका स्पर्श करून पाहिला आणि १९३७ साली शरीराचा जणू नकाशाच काढला. त्या नकाशात पाठीला जागा थोडी, पण ओठांना आणि बोटांना भरपूर. अख्ख्या पाठीपेक्षा बोटांची टोके मेंदूला जास्त महत्त्वाची वाटतात.

मेंदूतल्या या पेशी माणसाला पूर्ण आकारात स्पष्ट दिसल्या त्याही शाईसारख्या एका युक्तीने. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ साली चांदीच्या क्षारांनी काही थोड्या चेतापेशी काळ्याभोर रंगवण्याची रीत शोधली. तीच रीत सुधारून स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी पेशींची शेकडो चित्रे हाताने काढली. दोघांना मिळून १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पालकांना मला सांगायचे आहे ते काहाल यांच्या लहानपणाविषयी. हा मुलगा अत्यंत उनाड. घरी तोफ बनवून शेजाऱ्याचे फाटक उडवले म्हणून अकरा वर्षांचा असताना कोठडीची हवा खाऊन आलेला. चित्रे काढण्याचा नाद होता, तो वडिलांना अजिबात पसंत नव्हता. शेवटी वडिलांनी वैतागून त्याला न्हाव्याकडे आणि चांभाराकडे उमेदवारीला ठेवले. त्याच चित्रे काढणाऱ्या हाताने पुढे मानवी मेंदूचा नकाशा जगाला दिला. म्हणून आपल्या उनाड पोराकडे एकदा निराळ्या नजरेने पाहा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता गोंदण आणि मेंदू यांची गाठ कुठे पडते ते पाहू. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या चेतापेशी बहुतेक जन्मभर त्याच असतात. पण त्या एकमेकींना जिथे भेटतात, त्या सांध्यांतली प्रथिने काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोडतात आणि नवी येतात. तरी दुसरीत पाठ केलेला पाढा साठाव्या वर्षी तोंडावर असतो! म्हणजे आठवणसुद्धा गोंदणासारखीच. दगडावर एकदा कोरून ठेवलेली नव्हे, तर सतत नव्या हाती सोपवत राहिलेली. मला तर हे वाचून आपल्या शाळा आठवल्या. जुने शिक्षक जातात, नवे येतात, बाके बदलतात, पण शिकवणे चालू राहते.

मेंदू बदलतो, हे दाखवणारा एक सुंदर पुरावा लंडनच्या टॅक्सीचालकांचा आहे. परवाना मिळण्यासाठी त्यांना शहराच्या मध्यभागातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. तीन-चार वर्षे उमेदवारी करावी लागते. एलिनॉर मॅग्वायर या संशोधिकेने २००० साली दाखवले की जागा लक्षात ठेवणारा, हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा जो भाग, त्याचा मागचा हिस्सा या चालकांत इतरांपेक्षा मोठा आहे. तो आधीपासूनच मोठा असेल, अशी शंका कोणी घेईल. म्हणून उमेदवारांना सुरुवातीलाच तपासले आणि काही वर्षांनी पुन्हा तपासले. २०११ साली निष्कर्ष आला. जे शिकून परीक्षा पास झाले, त्यांचाच तो भाग वाढला होता. तेव्हा 'डोके देवाने दिले तेवढेच' हे म्हणणे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे मेहनतीने घडते.

शास्त्रज्ञांनी तर आता गोंदण आणि मेंदू यांना प्रत्यक्षच एकत्र आणले आहे. मेंदूत विजेच्या मंद लहरी उठतात. जर्मनीतील हान्स बेर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या लहरी प्रथम टिपल्या. त्यासाठी डोक्याला तारा चिकटवाव्या लागतात, चिकट लेप लावावा लागतो, आणि काही तासांत तो वाळतो. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी केसांतूनही डोक्याच्या कातडीवर छापता येईल अशी, वीज वाहून नेणारी शाई तयार केल्याचे प्रसिद्ध केले. यात सुई नाही, वेदना नाही, नंतर ती धुऊन टाकता येते. डोक्यावरचे हे तात्पुरते गोंदण मेंदूच्या लहरी दिवसभर टिपू शकले.

आता शेवटची गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला. पण पालकांना उपदेश करायचा आणि स्वतःचे झाकून ठेवायचे, हे मला बरे वाटले नाही.

२०१५ साली मी नवा होतो. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. तो धावण्यात पहिला, वाचनात मागे. एक दिवस धड्यातला उतारा वाचताना तो तीनदा अडखळला. तपासणीचे दिवस होते, मी वैतागलेलो होतो. भर वर्गात म्हणालो, "राहू दे. तुझ्या डोक्यात दगड आहेत. तुला जन्मात वाचून काही कळायचं नाही." वर्ग हसला. मी तास पुढे चालू केला आणि संध्याकाळपर्यंत ते विसरूनही गेलो.

२०१९ साली तो मला शोधत घरी आला. अंगाने भरलेला, सैन्यात भरती होण्यासाठी वर्षभर पहाटे धावत होता. सोबत त्याचे अब्बा होते. मित्रांबरोबर जत्रेला गेला असताना चौघांनी हौसेने दंडावर वाघ गोंदवून घेतला होता. नंतर कोणी तरी सांगितले की हे चालत नाही. जाहिरात घेऊन ती वाचून दाखवा म्हणून तो आला होता. मी वाचली. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत किंवा हाताच्या पंजाच्या मागे कायमचे गोंदण चालते. आदिवासी समाजाच्या रूढींना सवलत आहे. इतर कुठेही चालत नाही. दंडावर तर नाहीच.

मी म्हणालो, "अरे, हे छापलेलं होतं. गोंदवण्याआधी वाचायचं नाही का?"

तो खाली मान घालून म्हणाला, "सर, मी कागद हातात घेतला होता. पण मला वाचून कळत नाही ना. तुम्हीच म्हणाला होता."

त्याने हे रागाने म्हटले नाही. माझ्यावर ठपकाही ठेवला नाही. एखादी ठरलेली गोष्ट सांगावी तसे सांगितले, आणि म्हणूनच ते मला जास्त लागले. त्याचे अब्बा चहाच्या पेल्याकडे बघत बसले होते. तेही काही बोलले नाहीत.

मेंदूच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की भीती, अपमान, लाज अशा प्रसंगी शरीरात जी रसायने सुटतात, ती त्या वेळची आठवण अधिक घट्ट करतात. साधा धडा दहादा वाचला तरी पुसतो, पण चारचौघांत झालेला अपमान एका फटक्यात बसतो. सुई फक्त दोन मिलिमीटर आत जाते. माझे वाक्य किती खोल गेले, ते मोजायला साधन नाही. दंडावरचा वाघ लेसरने फिका करण्यात त्याचे पैसे आणि दोन भरत्या गेल्या. माझे वाक्य फिके करायला मी त्याला रोज संध्याकाळी तासभर वर्तमानपत्र वाचायला बसवू लागलो. पहिले दोन महिने तो पान उघडतानाच घाबरायचा. सैन्यात त्याला जाता आले नाही. पुढे त्याने आयटीआय केले आणि आज तो वेल्डर आहे. कामाचा नकाशा आणि सूचना स्वतः वाचतो. पण त्याचे जे गेले ते गेले, आणि त्यात माझा वाटा आहे.

त्याने मित्रांच्या नादाने गोंदवून घेतले, हाही मेंदूचाच एक भाग आहे. पुढचा विचार करणारा, मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण पिकतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुलांना मोटार चालवण्याचा खेळ दिला. तेरा ते सोळा वर्षांची मुले एकटी असताना सांभाळून खेळली. मित्र बघत असताना त्यांनी दुपटीहून अधिक धोके पत्करले. प्रौढांमध्ये असा फरक पडला नाही.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला तीन गोष्टी सांगतो. जे कधीच पुसता येणार नाही, ते मित्रांच्या घोळक्यात ठरवू नका. घरी या, एकट्याने विचार करा, वडीलधाऱ्यांना विचारा, छापील नियम स्वतः वाचा. दुसरे, धडा नुसता पुन्हा पुन्हा वाचू नका. पुस्तक मिटा आणि काय आठवते ते कागदावर लिहा. अशा आठवण्यानेच तो जास्त दिवस टिकतो, हे २००६ सालच्या प्रयोगांत दिसून आले आहे. तिसरे, परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नका. दिवसा शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो.

आणि पालकहो, शिक्षक बंधू-भगिनींनो, आपण मुलांच्या हातावर गोंदण दिसले की रागावतो, ते योग्यच आहे. पण 'मठ्ठ', 'दगड', 'तुझ्याच्याने काय होणार' अशी सुई आपण घरोघरी आणि वर्गावर्गात रोज टोचत असतो. तिचा डाग दिसत नाही, एवढाच फरक. मुलाने चूक केली तर चुकीला नाव ठेवा, मुलाला नाव ठेवू नका. आणि टोचायचेच असेल तर चांगले वाक्य टोचा. तेही तितकेच टिकते.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिला मी दीड महिन्याने उत्तर दिले. सगळे ऐकून ती म्हणाली, "सर, म्हणजे शाई सांभाळणारे बदलतात, पण शाई टाकणाऱ्याने आधी बघायला हवं होतं." नववीतल्या त्या मुलीने जे एका वाक्यात सांगितले, ते सांगायला मला एवढा वेळ लागला.